गुर्द्याचा नेम

खटकचिंचोळीच्या आमच्या घरात दिवस उजाडायचा तो अप्पांच्या चूळ भरण्याने. कोंबडा त्यांच्यानंतर आरवत असे. मान मागे टाकून ते घशात पाणी असे काही खळखळवत की समोरच्या घरातली म्हैस पान्हा सोडायची, असं अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणायची. त्यानंतर आडावरच्या रहाटाची कुरकुर, घागरींची टणटण, चुलीवर भाकरी थापण्याचा थपथप आवाज. अप्पांचा धान्याचा व्यापार होता. ते तूर मराठीत विकत घेत, कानडीत विकत आणि भांडण उर्दूत करत. अव्वा लाड मराठीत करायची, रागवायची कानडीत. अशा तीन भाषांच्या घरात मी वाढलो. वस्तू कोणतीही असो, तिला आमच्याकडे निदान तीन नावं असायची.

एका गोष्टीला मात्र एकही नव्हतं. पुस्तकी मराठीत तिला हस्तमैथुन म्हणतात, हे मला फार पुढे कळलं. शब्द ऐकून मला तो एखाद्या संस्कृत पाठशाळेतला विषय वाटला होता. आमच्या काळी त्या सवयीला फक्त ‘ते’ म्हणत, आणि तेही जवळच्या मित्रापाशी, आजूबाजूला बघून. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. मिशी होती, अप्पांच्या दुकानात स्वतःची बैठक होती आणि लग्न ठरलेलं होतं. आळंदकडच्या खजुरीची मुलगी, महादेवी, वीस वर्षांची. बघायला गेलो तेव्हा तिने मान वर केली नव्हती, पण आत जाता जाता तिच्या भावाच्या कानात काहीतरी बोलली आणि तो खो खो हसत सुटला. ती काय बोलली असेल या विचारात माझे महिने गेले. जवानीतला, लग्नाची वाट बघणारा एकटा माणूस आणि असले विचार, म्हणजे ‘ते’ आलंच. इथे मी लाजावं अशी वाचकांची अपेक्षा असेल तर त्यांनी माझ्या वतीने लाजून घ्यावं.

आमच्या आठवडी बाजारात एक हकीम येत असे. भोपळ्याएवढं पोट, डोळ्यांत सुरमा आणि आवाज असा की शेजारचा बांगड्यावाला मुकाट्याने दुकान हलवायचा. त्याच्यामागे बांबूला एक रंगवलेला पडदा टांगलेला असे. पडद्यावर एक माणूस पोट उघडून उभा, तोंडावर हसू, आणि पोटात दोन गुर्दे. गुर्दा म्हणजे मूत्रपिंड; बाजारात ते पुस्तकी नाव कुणाला ठाऊक नव्हतं. उजवा गुर्दा टवटवीत काळ्या वांग्यासारखा. डावा वाळवून दोरीला टांगलेल्या वांग्याच्या फोडीसारखा. हकीम छडीने आधी उजवा दाखवी, मग डावा, मग छडी सावकाश गर्दीवरून फिरवत एका जागी थांबवी आणि हळहळून म्हणे, “जवान, तेरा बायाँ गया.”

छडी एकावर रोखलेली असायची, पण डाव्या कुशीवर हात वीस जणांचे जायचे.

त्याचं म्हणणं असं की माणसाची ताकद गुर्द्यात साठते आणि ‘ते’ केलं की गुर्दा पिळला जातो. वारंवार पिळलेला गुर्दा म्हणजे भिजलेलं तागाचं पोतं. वरून पाणी ओतलं की विरणार, फाटणार. म्हणून त्याची पुडी घ्यायची आणि पथ्य पाळायचं: “सूरज सर पे है तो पानी नै.” दिवस मावळल्यावर एक पेला, पुडीसोबत, बस्स. दुसऱ्या कुणाला ही पोत्याची उपमा पटली नसती. पण मी धान्यवाल्याचा मुलगा. भिजलेलं पोतं काय करतं हे मी पायल्याच्या पायल्या तूर जमिनीवर सांडताना पाहिलेलं होतं. मी पुडी घेतली.

महिना चैत्राचा. आमच्या भागातला चैत्र म्हणजे दगडसुद्धा सावली शोधतो. त्यात मी दिवसभर कोरडा. लवकरच लघवी हळदीच्या पाण्यासारखी पिवळीजर्द झाली, थेंब थेंब व्हायला लागली आणि आग अशी की डोळ्यांत पाणी यावं. अंगात पाणी एवढंच उरलं होतं, आणि तेही डोळ्यांतून चाललं होतं. बिनपाण्याने असंच व्हायचं, हे आज शाळकरी पोरगंही सांगेल. मी मात्र हबकलो की हकीम खरं बोलत होता, आणि पथ्य आणखी कडक केलं. औषध रोग वाढवत होतं आणि रोग औषधाची जाहिरात करत होता. मनात एकच घोर लागला. माझा बायाँ गेला, दायाँ जाईल, आणि खजुरीची ती हसवणारी मुलगी वर्षाच्या आत पांढऱ्या कपाळाची होईल. लग्न मोडावं असं रोज ठरवत होतो. पण कारण काय सांगणार? त्या गोष्टीला शब्द नव्हता.

आणि तेवढ्यात गडंगनेरं सुरू झाली. लग्नाआधी नवरदेवाला भावकीतल्या एकेका घरी जेवायला बोलावतात, त्याला आमच्याकडे गडंगनेर म्हणतात. पहिलं निमंत्रण चुलत आत्याकडचं, तेही भर दुपारचं. पाटावर बसवून आत्याने हुग्गी वाढली, म्हणजे गव्हाची गुळातली खीर, वर तुपाची धार. मग पुरणपोळ्या, येळवणीची आमटी, भजी, कुरडया, शेंगदाण्याची चटणी. नवरदेवाने नको म्हणायचं नसतं. मी नको म्हटलं नाही. शेवटी आत्याने स्वतःच्या हाताने घासलेला पितळी तांब्या पुढे केला आणि मी तो हाताने बाजूला सारला.

वाढणाऱ्यांचे हात जागच्या जागी थांबले. बाहेरच्या वाचकाला यातली गंमत कळायची नाही. आमच्याकडे कुणी तुमचं अन्न कमी खाल्लं तर भूक नसेल म्हणतात. पाणी नाकारलं तर नातं नाकारलं म्हणतात. पाण्यावरून सोयरिकी तुटलेल्या आहेत. आत्याच्या डोळ्यांत पाणी जमलं, तिचा नवरा दाराशी उभा राहिला. मला काहीतरी बोलणं भाग होतं. म्हणालो, “आत्या, माझा नेम हाय. लगीन लागुस्तोर दिवसा पानी घेत न्हाई.”

“कशाचा नेम रे?”

“सौंसाराचं बरं व्हावं म्हनून.”

आत्याने तांब्या खाली ठेवला आणि पदर डोक्यावरून घेऊन मला नमस्कार केला. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठी बाई. मी पाय मागे घ्यायला गेलो तर पाट निसटला आणि मी हुग्गीच्या ताटात बसलो. तेही तिने धन्य मानलं.

तिथून मी कामातून गेलो. दुसऱ्या घरी मी पोहोचायच्या आधी माझा नेम पोहोचला होता. तिसऱ्या घरी माझ्यासमोर पाण्याचं भांडंसुद्धा ठेवेनात, नवरदेवाला मोह नको म्हणून. एकदा तहानेने जीव इतका व्याकूळ झाला की पुडी, हकीम, गुर्दा सगळं विसरून मी आडाकडे निघालो, तर भावकीतल्या दोन म्हाताऱ्या हात धरून मला परत घेऊन आल्या. “घसरू नगस लेकरा,” एक म्हणाली, “थोडकं ऱ्हायलंय.” अव्वाला आधी काळजी वाटली होती. “कामून पानी पेयना गेलास रे बसू?” असं तिने एकदोनदा विचारलंही होतं (बसू म्हणजे मी). पण नेमाचं कळल्यावर ती गावभर मान ताठ करून हिंडायला लागली. अप्पांनी मला फक्त मालाच्या नमुन्याकडे बघावं तसं खालून वर बघितलं.

चौथ्या की पाचव्या गडंगनेराला पुरणपोळीचा घास तोंडात असताना डाव्या कुशीत कुणीतरी सुरी खुपसून फिरवली. मी ओरडलो, लोळलो, ओकलो. वेदनेतसुद्धा मला आठवतं, मनात पहिला विचार आला तो ‘बायाँ गया’. बैलगाडीत घालून मला भालकीच्या दवाखान्यात नेलं. वाटभर अव्वा माझं डोकं मांडीवर घेऊन बसवेश्वराला हाका मारत होती आणि मी मनातल्या मनात महादेवीची माफी मागत होतो.

दवाखान्यातले डॉक्टर हैदराबादेत शिकलेले होते. उंच, हडकुळे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी सुई टोचली, दुखणं जरा ओसरलं, तसं त्यांनी विचारलं दिवसाकाठी पाणी किती पितो. अव्वाने अभिमानाने नेमाची हकीकत सांगितली. डॉक्टरांनी ती पुरती ऐकली, मग सगळ्यांना बाहेर काढून दार लावलं आणि स्टूल ओढून माझ्याजवळ बसले. “मियाँ, हम बहुत रोजे देखे,” ते म्हणाले, “मगर खाना पाँच आदमी का और पानी एक का भी नै, ऐसा नेम नै देखे. सच बोलो.”

मी खरं बोललो. मराठीत सुरुवात केली, जीभ अडली तिथे कानडीत शिरलो, आणि मुख्य मुद्दा हकीमाच्या उर्दूत उरकला. डॉक्टर हसले नाहीत. हसले असते तर मी बहुधा पुन्हा ओकलो असतो. त्यांनी माझ्याच अंगावरच्या चादरीवर बोटाने रेघा ओढून दाखवलं. गुर्दे इथे, पाठीकडे. रक्तातला मळ गाळून तो पाण्याबरोबर बाहेर टाकायचा, एवढंच त्यांचं काम. आणि माझी जी ‘ताकद’ होती ती तयारच दुसरीकडे होते, गुर्द्याला तिची खबरही नसते. मग दोन्ही एकाच वाटेने कशी बाहेर येतात, असं मी विचारलं. “एक दरवाजे से दो भाई निकले तो दोनों की तिजोरी एक होती क्या?” ते म्हणाले. “उस आदत से गुर्दा नै बिगड़ता. पानी नै पिये तो बिगड़ता. पथरी है तुमकू. वो तुम्हारे हकीम साब का तोहफा है.”

त्या खोलीतून बाहेर पडताना मला उडावंसं वाटत होतं. कुशीत खडा होता, तरी उडावंसं वाटत होतं. आज या वयातही माझ्याकडे लग्नाळू तरुण येतात, इकडचं तिकडचं बोलतात, आणि उठता उठता हळूच गुर्द्याचं विचारतात. पडदा टांगणारे हकीम आता भिंतीवर जाहिराती रंगवतात एवढाच फरक. मी त्या तरुणांना डॉक्टरांचं दोन भावांचं उदाहरण देतो, भरपूर पाणी प्या, लघवी तुंबवू नका म्हणतो, आणि खरंच कुठे जळजळलं, दुखलं, रक्त दिसलं तर हकीम न गाठता दवाखाना गाठा म्हणतो. ते जाताना उडत जातात. मला तो पाठमोरा उडता माणूस फार ओळखीचा वाटतो.

डॉक्टरांनी दिवसाला एक लहान घागर पाणी सांगितलं होतं. पण घरी आल्यावर अव्वा आडवी आली. नेम मध्येच मोडला तर त्याचं वाईट नवरीवर जातं, अशी तिची पक्की समजूत. ती रडत होती, मी तहानेने तळमळत होतो आणि मध्ये भरलेली घागर. शेवटी अप्पांनी अय्यांना बोलावलं. अय्या म्हणजे आमच्या मठाचे जंगमस्वामी, घरातली सगळी कार्यं तेच करत. त्यांनी डॉक्टरांचं म्हणणं ऐकलं, अव्वाचं ऐकलं, माझ्याकडे एकदा बघितलं. खरं कारण त्यांनी विचारलं नाही; त्यांनी इतक्या नवरदेवांची लग्नं लावली होती की विचारायची गरज नसावी. त्यांनी गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा केली, त्याचं तीर्थ पळीने घागरीत सोडलं आणि अव्वाला म्हणाले, “नेम पाण्याचा हाय न्हवं? हे तीर्थ हाय. पोटाला लागंल तेवढं घेऊ दे. तीर्थाला माप नसतंय.”

मी घागरीला तोंडच लावलं. इतक्या भक्तिभावाने कुणी तीर्थ प्यालं नसेल. रोज सकाळी अय्या यायचे, घागर तीर्थ व्हायची, संध्याकाळपर्यंत मी ती संपवायचो, आणि एका दुपारी परसदारी खडा पडला. अप्पांनी तो धुऊन तळहातावर घेतला, नमुना धरतात तसा उन्हात धरला आणि म्हणाले, “तूर न्हाई. ज्वारी. तीबी हलकी.” आयुष्यभर त्यांनी माझ्या कर्तबगारीवर दिलेला हा एकमेव अभिप्राय.

गोष्ट इथे संपली असती. पण लग्नाच्या कपड्यांचं ठरवायला महादेवीचा भाऊ आला. त्याला मी इथे शिवराज म्हणतो. हे त्याचं नाव नव्हे. जेवताना तो कौतुकाने सांगायला लागला की नवरदेवाचा नेम खजुरीला कळल्यापासून महादेवीनेही तोच धरलाय. दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाही. आई ओरडली, ऐकलं नाही. दोनचार दिवस झाले, तिला उन्हाळी लागलीय, लघवीला आग होते, कुशीत दुखतं म्हणते, पण म्हणते, त्यांनी धरलाय तर मी का सोडू?

माझ्या हातातला घास ताटात पडला. तो डावा गुर्दा, ती सुरी, ते लोळणं, आणि हे सगळं आता तिला, माझ्या एका थापेपायी. लग्नाआधी नवरदेवाने नवरीच्या गावची शीव ओलांडायची नसते. मी अय्यांकडे धावलो, तीर्थाची कळशी भरून घेतली, तिचं तोंड फडक्याने बांधलं, आणि तीर्थ पोचवायला जातो असं अव्वाला सांगून शिवराजसोबत निघालो. तीर्थासाठी जाणाऱ्याला शीव अडवत नाही, असं मीच तिला सांगितलं. एव्हाना मला धर्मशास्त्र सुचायला लागलं होतं. दोन बस बदलून, कळशी मांडीवर सांभाळत, मी खजुरीला पोहोचलो.

मला ओसरीवर बसवलं. तिची आई कळशी आत घेऊन गेली आणि थोड्या वेळाने तशीच बाहेर घेऊन आली. महादेवीने तळहातभर तीर्थ घेतलं होतं आणि उरलेलं परत दिलं होतं. तीर्थ तळहातभरच घ्यायचं असतं, त्याच्या नावाने तहान भागवणं म्हणजे लबाडी, असा तिचा निरोप होता. आमच्या अय्यांना, आमच्या सगळ्या घराला जे सुचलं नाही ते या मुलीला एका क्षणात दिसलं होतं. मला तिचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी धडकीही भरली.

आता एकच वाट होती. मी तिच्या आईला म्हणालो, मला दाराआडून तिच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत. ती बिचकली, पण नेमवाल्या जावयाला नाही म्हणवेना. शिवराजला राखण म्हणून उंबऱ्यावर बसवून ती परसात गेली. दार अर्धं लोटलेलं. पलीकडे बांगड्या वाजल्या, म्हणजे ती होती.

मी सगळं सांगितलं. बाजार, पडदा, वांगं, वांग्याची फोड. ‘त्या’ सवयीपाशी आलो तेव्हा मी आढ्याकडे बघून बोलत होतो. म्हटलं, लग्नाची वाट बघणाऱ्या एकट्या गड्याला जी सवय असते ती मला होती, त्याने गुर्दा वाळतो म्हणून मी घाबरलो आणि पाणी सोडलं. आत्यापुढे अब्रू जाईल म्हणून नेम म्हणालो. डॉक्टर काय म्हणाले, ते दोन भाऊ आणि त्यांच्या तिजोऱ्या, खडा कसा पडला, तेही सांगितलं. शेवटी म्हणालो की हे ऐकून तिला लग्न मोडायचं असेल तर मी बोल माझ्याकडे घेईन, फक्त तिने आत्ताच्या आत्ता पाणी प्यावं.

मग कानडी वळणाच्या मराठीत, अगदी सावकाश, तिने विचारलं, “म्हंजे नेम माज्यासाटी नव्हता?”

“न्हाई.”

“मग कुनासाटी?”

“गुर्द्यासाटी.”

“अन् मी हितं तुमच्या गुर्द्यासाटी तान्हेली बसले व्हय,” ती म्हणाली. आवाजावरून काही कळेना. मग आत काहीतरी खसखसलं. मला वाटलं रडते. ती हसत होती. आधी पदर तोंडात कोंबून, मग तो सुटून, भिंतीला टेकून. हसता हसता म्हणाली, “मला तर घोर पडला होता. एवढ्या नेमाचा मानूस घरी कसा ऱ्हातोय, मठात जातोय, म्हनून. साधा हाय की.”

रांजणावरचं झाकण सरकलं. पेला बुडाला, आणि घटाघट पाणी प्यायचा आवाज आला. एक पेला, मग दुसरा. मी आयुष्यात बरंच गाणं ऐकलं आहे. त्या आवाजाच्या तोडीचं नाही.

मी सुटकेने शिवराजकडे वळलो. तो उंबऱ्यावर नव्हता. या सगळ्या वेळात त्याने एक शब्द काढला नव्हता, आणि मला वाटलं होतं की तो संतापला असेल. तो आत रांजणापाशी पोहोचला होता. बहिणीच्या हातातला पेला त्याने जवळजवळ हिसकावून घेतला.

“तुला काय झालं रे अण्णा?” महादेवीने विचारलं.

त्याने एकामागून एक पेले रिकामे केले, धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं, ओसरीवर येऊन माझ्या शेजारी बसला आणि दुसरीकडे बघत, मला जेमतेम ऐकू येईल असं म्हणाला, “दाजी, पुन्हा एकदा सांगा की. त्या दोन भावांची तिजोरी येगळी हाय म्हनला न्हवं?”